चिमूरच्या मधुमेहींचा डॉक्टर कोण?

दरवर्षी १६ ऑगस्टला चिमूरच्या हुतात्म्यांना अभिवादन करण्यासाठी नाना पक्षांचे पुढारी त्या गावी येतात. १९४२ च्या उठावाची आठवण सांगितली जाते, स्वतंत्र चिमूर जिल्ह्याची जुनी मागणी पुन्हा एकदा मांडली जाते, आणि आरोग्याचा विषय निघालाच तर तो खाटा, इमारती, यंत्रे व रुग्णवाहिका यांच्यापाशी येऊन थांबतो. या गोष्टी अनावश्यक आहेत असे कोणी म्हणणार नाही. चंद्रपूर काय किंवा नागपूर काय, दोन्ही शहरे चिमूरपासून शंभर किलोमीटरच्या आसपास. तालुक्याच्या ठिकाणी सुसज्ज रुग्णालय असणे हा तेथील जनतेचा हक्कच आहे. परंतु भिसी, नेरी, शंकरपूर, जांभुळघाट या बाजूच्या एखाद्या मधुमेही शेतमजुराला एक साधा प्रश्न विचारून पाहावा: तुमचा डॉक्टर कोण? उत्तर बहुधा ‘सरकारी दवाखाना’ असे येईल, नाहीतर ‘त्या दिवशी जो असेल तो’ असे येईल. माणसाचे नाव क्वचितच येईल. आरोग्याच्या सरकारी अहवालांत या न येणाऱ्या नावासाठी रकाना नाही. मधुमेहाच्या उपचाराचे मोठे अपयश मात्र नेमके तेथेच दडलेले आहे.

जंगलपट्ट्याला मलेरिया नवा नाही आणि सर्पदंशही नवा नाही. तापाने फणफणलेल्या माणसाचे रक्त तपासून योग्य गोळ्या देणारा डॉक्टर कालच रुजू झालेला असला तरी काम भागते. सापाच्या विषावरचे इंजेक्शन वेळेवर मिळाले म्हणजे पुरे. ते देणारा हात ओळखीचा असावा लागत नाही. मधुमेहाचे तसे नाही. हा आजार एकदा जडला की वीस-वीस, तीस-तीस वर्षे माणसाच्या सोबत राहतो. बरे वाटले म्हणून तो गेलेला नसतो आणि काही दुखत नाही म्हणून तो थांबलेला नसतो. रक्तातील वाढलेली साखर वर्षानुवर्षे डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड, पायांच्या नसा आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या मुकाट्याने पोखरत राहते. ही हानी टाळता येते, हे आता वादाचे राहिलेले नाही. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या आणि १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाने दाखवून दिले की साखर अधिक काटेकोरपणे ताब्यात ठेवली तर डोळे, मूत्रपिंडे यांसारख्या ठिकाणच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या विकारांचे प्रमाण चतुर्थांशाने घटते. रक्तदाबही आवरला तर पक्षाघात आणि मृत्यू यांत आणखी मोठी घट होते. यासाठी लागणारी मुख्य औषधे जुनी आहेत, स्वस्त आहेत आणि त्यांतील बहुतेकांवर कोणाही कंपनीची मक्तेदारी उरलेली नाही. उणीव आहे ती औषध, तपासणी आणि माणूस यांना वीस वर्षे एकत्र बांधून ठेवणाऱ्या दुव्याची.

मधुमेह हा शहरातील खात्यापित्या लोकांचा आजार आहे, धान रोवणाऱ्या आणि तेंदूपत्ता तोडणाऱ्या माणसाला त्याचे काय, असा समज अजूनही, दुर्दैवाने कार्यकर्त्यांतही, आढळतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले त्यांनुसार देशात दहा कोटींहून अधिक, म्हणजे प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह आहे. याच पाहणीच्या २०११ मधील पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राचे प्रमाण ८.४ टक्के आढळले होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून खेड्यांतील माता व बालकांवर जे संशोधन चालविले, त्याने तर या समजाच्या मुळावरच घाव घातला. कुपोषित आईच्या पोटी कमी वजनाने जन्मलेले मूल पुढे मधुमेहाला अधिक सहज बळी पडते. म्हणजे कालची उपासमार आजच्या साखरेच्या आजाराला जन्म देते. कुपोषणातून येणाऱ्या, किडकिडीत माणसांना होणाऱ्या मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ साली ‘पाचवा प्रकार’ म्हणून स्वतंत्र मान्यता दिली. अर्धपोटी राहिलेल्या पिढ्यांचा हा प्रदेश आहे. येथे हा आजार परका मानण्याचे कारण नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने २०११ ते २०१३ या दोन वर्षांत ८६ खेड्यांतील मृत्यूंची कारणे तपासली, तेव्हा पक्षाघात हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण निघाले. सातांतील एक माणूस त्याने गेला होता. रक्तदाब आणि मधुमेह यांनी जंगलात केव्हाच बस्तान बसविले आहे, शासकीय कल्पना मात्र अजून हिवतापातच अडकली आहे.

आता शंकरपूरकडील एखाद्या पन्नाशीच्या शेतमजूर बाईची कल्पना करावी. अशक्तपणा येतो म्हणून ती दवाखान्यात जाते, रक्त तपासले जाते, ‘शुगर’ निघते. डॉक्टर गोळ्या लिहून देतात आणि सांगतात, भात बंद करा, गोड खाऊ नका, रोज फिरायला जा. सांगणारा सज्जन असतो, पण तो तिला ओळखत नाही. ज्या झाडीपट्टीत सकाळ-संध्याकाळ भातच शिजतो, ज्या पट्ट्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी देशाला एचएमटी धानाचे वाण दिले, तेथे भात बंद करणे म्हणजे जेवण बंद करणे. आणि दिवसभर वाकून रोवणी करणाऱ्या बाईला फिरायला जाण्याचा सल्ला ही तर नकळत केलेली थट्टाच. ती मान हलविते, घरी येते आणि काहीच बदलत नाही. दोन आठवड्यांनी गोळीने पोट बिघडते म्हणून ती गोळी सोडते. पुढच्या वेळी जाते तेव्हा खुर्चीवर दुसरा डॉक्टर असतो. त्याला साखर वाढलेली दिसते. गोळी सोडल्याचे दिसत नाही. तो मात्रा वाढवितो किंवा दुसरी गोळी जोडतो. यावेळी ती घाबरून सगळ्या गोळ्या घेते, पण कामाच्या घाईत सकाळचे जेवण टळते आणि दुपारी बांधीतच तिला घाम फुटतो, हातपाय कापू लागतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. साखर वाजवीपेक्षा खाली गेलेली असते. पुढे ती दवाखान्याचे नावच काढीत नाही.

या साखळीतील प्रत्येक दुवा ओळखीच्या माणसाने तोडता आला असता. जो डॉक्टर तिला तीन वर्षे पाहत आहे तो भात बंद करायला सांगणार नाही. ताटातील भात थोडा कमी करून डाळ आणि भाजी वाढविण्याचे सांगेल, आणि घरी डाळ परवडते की नाही हे त्याला ठाऊक असेल. गोळी जेवणासोबत, थोड्या मात्रेने सुरू करावी म्हणजे पोट बिघडत नाही, हे तो आधीच बजावील. रोवणीच्या दिवसांत तिचे जेवण केव्हा होते हे विचारून तो गोळीची वेळ ठरवील. नवरा मोहाची दारू पितो, उपाशीपोटी पितो आणि त्यालाही शुगर आहे, ही माहिती कोणत्याही अर्जाच्या रकान्यात मावत नाही. पण ती नसेल तर साखर उतरविणारी काही औषधे त्या माणसाच्या जिवावर उठू शकतात.

पायांचा प्रश्न तर चिमूरच्या मातीतलाच आहे. मधुमेहाने नसा बधिर झाल्या की काटा रुतलेला कळत नाही, चिखलात अनवाणी काम करताना झालेली जखम दुखत नाही, आणि न दुखणारी जखम कोणी दाखवीत नाही. ती चिघळते, हाडापर्यंत जाते आणि मग नागपूरच्या रुग्णालयात पायाचे बोट, पाऊल, कधी गुडघ्याखालचा सबंध पाय कापावा लागतो. दर भेटीत चप्पल काढायला लावून तळवे पाहणे एवढ्यावर हे पुष्कळदा टळते. पाच मिनिटांचे काम. परंतु रांगेत शंभर माणसे आणि समोर अनोळखी रुग्ण असला की ही पाच मिनिटे सर्वांत आधी कापली जातात. ज्याला गेल्या खेपेचा तळवा आठवतो तोच या खेपेला तो पुन्हा पाहतो.

याहून सूक्ष्म उदाहरण सिकलसेलचे. विदर्भातील आदिवासी आणि दलित समाजांत हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आहे. मधुमेहींची तीन महिन्यांची सरासरी साखर ज्या एचबीएवनसी तपासणीने मोजतात, ती तांबड्या रक्तपेशींच्या आयुष्यावर अवलंबून असते. सिकलसेलच्या रुग्णात या पेशी लवकर मरतात, त्यामुळे आकडा खोटाच कमी दिसू शकतो. कागद म्हणतो साखर ताब्यात आहे. शरीरात ती बोकाळलेली असते. कोणाच्या घरात हा विकार आहे हे ज्याला माहीत आहे तो त्या आकड्यावर विसंबणार नाही. क्षयाचेही असेच. मधुमेहीला क्षय होण्याचा धोका इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतो. खोकला महिनाभर रेंगाळला आहे हे ध्यानात यायला महिन्यापूर्वीही त्याला पाहिलेले असावे लागते.

ही केवळ भावनेची बाब नाही. अमेरिकेतील मिनेसोटात १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की ज्या मधुमेहींना ठरलेला डॉक्टर होता त्यांच्या तपासण्या अधिक नियमितपणे होत आणि त्यांची साखरही अधिक ताब्यात असे. ही सारी माणसे आरोग्यविम्याच्या एकाच छत्राखालील होती, हे विशेष. पैशाची अडचण बाजूला ठेवली तरी ओळखीचा माणूस असण्याने फरक पडतो, असा त्याचा अर्थ. नॉर्वेत प्रत्येक नागरिकाचे नाव एका ठरावीक डॉक्टरकडे नोंदलेले असते. तेथील लक्षावधी लोकांच्या नोंदी तपासून २०२१ साली निष्कर्ष निघाला की एकाच डॉक्टरकडे पंधरा वर्षांहून अधिक काळ असलेल्यांत मृत्यूचे प्रमाण नवा डॉक्टर मिळालेल्यांपेक्षा चतुर्थांशाने कमी होते, आणि रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाणही जवळजवळ तितकेच कमी. फरक पहिल्या वर्षापासून वाढत वाढत गेलेला दिसतो. अशा अभ्यासांवर एक आक्षेप रास्त आहे: जे आधीच नेटके, स्थिर आयुष्य जगतात तेच एका डॉक्टरकडे टिकतात, मग श्रेय कोणाचे? आक्षेपात तथ्य असले तरी त्याने सगळा फरक पुसला जात नाही. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचा कौल बहुतांशी एकाच बाजूला पडलेला आहे.

समाजवादी विचाराच्या माणसाला या संदर्भात वेल्समधील ग्लिनकोरुग या कोळसा खाणकामगारांच्या खेड्याची कथा अधिक जवळची वाटेल. डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट हे कडवे डाव्या विचारांचे डॉक्टर १९६१ साली तेथे गेले आणि पाव शतकाहून अधिक काळ तेथेच राहिले. दारी आलेल्या रुग्णाला औषध देऊन ते थांबले नाहीत; न आलेल्यांना शोधून काढून त्यांनी साऱ्या गावाचा रक्तदाब मोजला, मधुमेह आणि धूम्रपान यांच्या नोंदी ठेवल्या, आणि त्याच माणसांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २५ वर्षांच्या या कामाचा हिशोब १९९१ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा अकाली मृत्यूंचे प्रमाण शेजारच्या तशाच खेड्याच्या मानाने लक्षणीय कमी असल्याचे दिसले. ज्यांना वैद्यकीय सेवेची गरज सर्वाधिक, त्यांच्या वाट्याला ती सर्वांत कमी येते, आणि बाजाराचा शिरकाव जितका अधिक तितके हे विपरीत गणित अधिक पक्के होते, हा सिद्धांत १९७१ साली मांडणारे हार्ट हेच. त्यांना हे काम करता आले याचे एक कारण त्यांची निष्ठा. दुसरे, तितकेच महत्त्वाचे कारण हे की १९४८ साली अ‍ॅन्युरिन बेव्हन यांनी उभ्या केलेल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेमुळे डॉक्टर आणि खाणकामगार यांच्यामध्ये फीचा पैसा उभा नव्हता.

चिमूरमध्ये तो उभा आहे. ज्यांना ठरलेला डॉक्टर आहे ते बहुधा खासगी दवाखान्याचे रुग्ण आहेत, आणि तेथील ओळख दर खेपेला विकत घ्यावी लागते. पीक बुडालेल्या वर्षी ही ओळख तुटते. शिवाय वर्षानुवर्षे तोच डॉक्टर असणे आणि तो योग्य उपचार करणारा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अशक्तपणा आला की सलाइन लावणारा, पाय कधीच न पाहणारा आणि साखर दोनशेच्या वर असतानाही ‘चालते’ म्हणणारा माणूस वीस वर्षे ओळखीचा असला तरी त्याने काय साधणार? ओळखीला विज्ञानाची आणि तपासणीच्या वेळापत्रकाची जोड हवीच.

मग शासन काय करते? शासकीय महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या एमबीबीएस डॉक्टरवर एक वर्षाच्या सेवेचे बंधपत्र असते. हे तरुण आरोग्य केंद्रात येतात, गाव समजू लागेपर्यंत पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा अभ्यास डोक्यावर असतो, आणि वर्ष संपताच ते जातात. दोष त्यांचा नाही. जाण्यासाठीच त्यांना आणलेले असते. कायम सेवेतील अधिकाऱ्यांसाठी २००५ च्या बदल्यांच्या कायद्याने सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा ठरविला आहे. मधुमेही माणूस वीस वर्षे जगला तर बंधपत्राच्या हिशोबाने त्याला वीस डॉक्टर पाहावे लागतील, बदलीच्या हिशोबाने सात. महसूल खात्यातील बदल्यांमागे भ्रष्टाचार रोखण्याचा हेतू सांगता येईल. एका खुर्चीत फार काळ बसलेला माणूस हितसंबंध निर्माण करतो म्हणून त्याला हलवावे, हे समजते. परंतु डॉक्टरने आपल्या रुग्णांशी हितसंबंध निर्माण करणे हेच तर त्याचे काम! तहसीलदाराचा नियम डॉक्टरला लावणाऱ्या शासनाला या दोहोंतील भेद आजवर सुचलेला नाही.

डॉक्टरांखालील फळीची अवस्था अधिकच लाजिरवाणी आहे. २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत झाले, २०२३ साली त्यांचे ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असे पुनर्नामकरण झाले, आणि तेथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले. तिशीपुढील प्रत्येकाची साखर व रक्तदाब तपासणे आणि निघालेल्या रुग्णांना दरमहा औषध देणे हे त्यांचे काम. कल्पना उत्तम आहे. चिमूरच्या बाईला घराजवळ, ओळखीचा, वर्षानुवर्षांचा माणूस मिळण्याची खरी शक्यता येथेच आहे. पण राष्ट्रीय आरोग्य अभियानातील या माणसांना कंत्राटावर ठेवले गेले. नोकरीत कायम करा या मागणीसाठी राज्यातील अभियानाच्या कर्मचाऱ्यांना २०२३ साली संपावर जावे लागले. आशा सेविकेला तर पगारच नाही, कामागणिक मोबदला आहे. ज्याला स्वतःचे पुढचे वर्ष दिसत नाही त्याने रुग्णाच्या वीस वर्षांची काळजी वाहावी, अशी ही योजना. भिंतींना रंग देण्यास आणि नावे बदलण्यास मात्र निधी कमी पडलेला नाही.

औषधांची कथा सर्वांना ठाऊक आहे. २०१७ साली खरेदी हाफकिनकडे सोपविली गेली, त्यानंतर तुटवड्याच्या तक्रारी राज्यभर होत राहिल्या, आणि २०२३ साली वेगळे खरेदी प्राधिकरण स्थापन करावे लागले. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क झाले. पण गोळीच नसेल तर फुकट चिठ्ठीचे मोल ते किती? रोजी बुडवून, एसटीचे भाडे भरून आलेल्या रुग्णाला दोनदा ‘बाहेरून घ्या’ असे ऐकावे लागले की तिसऱ्यांदा तो येत नाही, मग डॉक्टर कितीही ओळखीचा असो. कोलारा-खडसंगीकडील जंगलाच्या कडेच्या गावांत तर अंधार पडण्याआधी घरी पोहोचणे हा जिवाचा प्रश्न असतो; वाघाच्या वाटेवरून कोणी रिकाम्या हाती दोनदा परतत नाही.

आणि या साऱ्यावर उतारा म्हणून विमा पुढे केला जातो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण २०२३ साली पाच लाख रुपयांपर्यंत वाढविण्याचा आणि सर्व कुटुंबांना ते देण्याचा निर्णय झाला. मूत्रपिंड निकामी झाल्यावरचे डायलिसिस तिच्यात बसते. मात्र मूत्रपिंड निकामी होऊ नये म्हणून वीस वर्षे लागणारी महिन्याची गोळी, सहा महिन्यांची तपासणी, वर्षातून एकदा डोळ्याच्या पडद्याची पाहणी या गोष्टी भरती न होता करायच्या असतात. म्हणून त्या योजनेच्या बाहेर राहतात. रुग्णालयांच्या उद्योगाला पैसा पोचविण्याचा हा मार्ग आहे. मधुमेहीच्या उपयोगी तो पडतो तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो.

यावर अधिकारीवर्गाचे एक उत्तर तयार असते: आता नोंदी संगणकावर आहेत, प्रत्येकाला आरोग्य खात्याचा क्रमांक आहे, डॉक्टर बदलला तरी माहिती राहते. माहिती राहावीच, ती न राहण्यापेक्षा केव्हाही चांगली. पण साखर २८० आहे हे पडद्यावर दिसते. मुलगा कामाला तेलंगणात गेल्यापासून म्हातारीने गोळ्या आणायला कोणाला पाठवायचे हा प्रश्न पडला आहे, हे दिसत नाही. नॉर्वेतही नोंदी संगणकावरच होत्या. तरीही तेथे नव्या डॉक्टरपेक्षा जुना डॉक्टर सरस ठरला.

चंद्रपूर-गडचिरोलीत दीर्घ काळ एका जागी पाय रोवून राहिलेल्या डॉक्टरांची उदाहरणे नाहीत असे नव्हे. हेमलकशाला डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७३ पासून आहेत. ‘सर्च’ चे काम १९८६ पासून चालू आहे. माणसे तेथे दूरवरून येतात, कारण तेथे कोण भेटेल हे त्यांना ठाऊक असते. या कार्याविषयी आदर बाळगूनही म्हटले पाहिजे की त्यागावर शासनाचे धोरण उभे राहू शकत नाही. प्रत्येक तालुक्याला एक आमटे दांपत्य मिळणार नाही, आणि मिळण्याची वाट पाहणे हे सरकारच्या जबाबदारीतून पळ काढणे आहे. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ सालीच खेड्याच्या जवळ असणाऱ्या, रोग होण्याआधीच लक्ष घालणाऱ्या ‘सामाजिक वैद्या’ची कल्पना मांडली होती. १९७७ साली जनता सरकारचे आरोग्यमंत्री राजनारायण यांच्या कारकिर्दीत, २ ऑक्टोबरला, दर हजार वस्तीमागे एक आरोग्यसेवक नेमण्याची योजना सुरू झाली. राजनारायण यांची टवाळी करणे वर्तमानपत्रांना सोपे होते, आणि महिना पन्नास रुपये मानधनावर आरोग्यसेवा उभी करण्याचा विचार दुबळाच होता. तरी आरोग्याचा माणूस गावातलाच असावा हे सूत्र त्यांनी बरोबर पकडले होते. आजची आशा सेविका ही त्याच सूत्राची वारस आहे, आणि तिचे मानधनाचे दुखणेही तेच आहे.

होऊ शकते याचा पुरावा शेजारीच आहे. उच्च रक्तदाबावरचा जो राष्ट्रीय उपक्रम २०१७ साली सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातील पहिल्या चार जिल्ह्यांत वर्धा आणि भंडारा हे दोन होते. ठरलेली औषधपद्धती, तीस दिवसांच्या गोळ्या एकदम, घराजवळच्या केंद्रात परिचारिकेकडून पाठपुरावा, न आलेल्या रुग्णाचा शोध, एवढ्या साध्या गोष्टींवर देशभरातील नोंदलेल्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांचा रक्तदाब ताब्यात आला. तमिळनाडूने २०२१ पासून रक्तदाब व मधुमेहाची औषधे रुग्णाच्या दारी नेण्यास आरंभ केला. १९९४ साली स्थापन केलेले स्वतःचे औषध खरेदी महामंडळ पाठीशी होते म्हणून ते जमले.

चिमूरसाठी मागणी करायची ती अशी. तालुक्यातील प्रत्येक मधुमेहीच्या नावापुढे एका डॉक्टरचे आणि एका आरोग्यसेविकेचे नाव लिहिलेले असावे, आणि ते रुग्णाला माहीत असावे. समुदाय आरोग्य अधिकारी व परिचारिका यांना कायम करावे. जो वैद्यकीय अधिकारी दुर्गम भागात पाच वर्षांपेक्षा अधिक काळ राहील त्याला घर, मुलांच्या शिक्षणाची सोय, वाढीव वेतन आणि पदव्युत्तर प्रवेशात प्राधान्य द्यावे, म्हणजे राहणे ही शिक्षा उरणार नाही. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीचे २०२४ साली सुरू झाले. या भागातील मुले तेथे शिकून याच भागात राहतील अशी तजवीज आजच केली नाही, तर ही महाविद्यालयेही पुण्या-मुंबईला डॉक्टर पुरविणारे कारखाने ठरतील. बदली अटळच झाली तर जाणाऱ्याने येणाऱ्याला रुग्णांची यादी समक्ष समजावून दिल्याशिवाय त्याला कार्यमुक्त करू नये. तलाठीसुद्धा दप्तराचा ताबा दिल्याशिवाय गाव सोडीत नाही.

यांतील पुष्कळ कामे मंत्रालयापर्यंत न जाताही सुरू होऊ शकतात. आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत लोकप्रतिनिधी असतात, उपकेंद्राच्या जन आरोग्य समितीत ग्रामपंचायतीची माणसे असतात. या समित्यांच्या बैठका बहुतेक ठिकाणी सह्यांपुरत्या होतात. कार्यकर्त्यांनी तेथे जाऊन मधुमेहींची नोंदवही पाहावयास मागावी. किती जणांची नावे आहेत, त्यांपैकी गेल्या तीन महिन्यांत किती जण आले, जे आले नाहीत त्यांच्या घरी कोण गेले, वर्षभरात किती जणांचे तळवे आणि डोळे तपासले, मेटफॉर्मिनची गोळी किती दिवस शिल्लक नव्हती, आणि या एकाच काळात केंद्रात किती डॉक्टर आले-गेले, हे विचारावे. रुग्णांची वैयक्तिक माहिती चव्हाट्यावर आणण्याचे कारण नाही, बेरजा पुरेत. त्या बेरजा ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात, आणि शासकीय बदल्यांचे आदेश निघण्याचे एप्रिल-मे महिने येण्यापूर्वी जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीसमोर ठेवाव्यात.